तेल घासणे म्हणजे अभ्यंग नव्हे

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी गंगाखेड परिसरातील कोणत्याही शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहिल्यास एक दृश्य हमखास दिसते. गोदावरीवर किंवा जवळच्या ओढ्यावर धुऊन आणलेले बैल दावणीला उभे असतात आणि घरातील कर्ता पुरुष तूप किंवा तेल व हळद घेऊन त्यांचे खांदे हाताने मळत असतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांची ही सेवा करून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. या विधीला आपण खांदेमळण म्हणतो. वैद्यकाच्या भाषेत हा स्थानिक अभ्यंगच होय. मात्र तो वर्षातून एक दिवस होतो. उरलेल्या दिवसांत त्या खांद्याचे आणि एकूणच जनावराच्या त्वचेचे काय, हा प्रश्न आपण वैद्यांनी क्वचितच विचारला आहे.

हा प्रश्न आज पुढे येण्यास एक साधे साधन निमित्त झाले आहे. जनावराने स्वतः येऊन अंग घासावे व घासता घासता त्याच्या अंगाला तेल लागावे, अशी या साधनाची रचना असते. त्याचे सर्वांत सोपे रूप असे : दोन खांबांमध्ये एक साखळी किंवा जाड दोर किंचित सैल सोडून बांधावयाचा, त्याभोवती गोणपाटाचे अनेक पदर गुंडाळावयाचे आणि त्यावर ठरावीक दिवसांनी तेल ओतावयाचे. पाण्याच्या हौदाच्या वाटेवर ते उभे केले की जनावर आपसूक त्याखालून जाते, थांबते आणि पाठ, मान व वशिंड घासून घेते. कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वराहपालक बिडाची अशी तेलयंत्रे वापरीत. डुक्कर अंग घासू लागले की चाक फिरून तेल त्याच्या अंगाला लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेच गाईगुरांसाठी कीटकनाशकमिश्रित तेलाच्या गोणपाटी दोरांचा प्रसार झाला. आता मोठ्या दुग्धशाळांतून विजेवर फिरणारे ब्रशही बसविले जातात.

अशा साधनाविषयी आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी मत द्यावे काय, अशी शंका काही वैद्यबंधूंना येईल. आमच्या मते अवश्य द्यावे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथावलीत १८९४ साली छापला गेला. शालिहोत्राची अश्वचिकित्सेची परंपरा आपणांस ठाऊक आहेच. अग्निपुराणात गवायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे, तर चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात हत्ती, उंट, गाय, घोडा व मेंढी यांच्या बस्तीचाही विचार केला आहे. पशू हा आपल्या शास्त्राला परका कधीच नव्हता. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येतही मनुष्याबरोबर प्राण्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

तत्त्वतः या साधनास शास्त्राचा आधार मिळतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असते व ते इंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून त्वचेला अभ्यंग हितकर, असे चरकाचार्य सांगतात. त्यासाठी ते स्नेहाने दृढ होणाऱ्या घटाचा, चर्माचा आणि गाडीच्या आसाचा दृष्टांत देतात. आमचा शेतकरी बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्यास कधी विसरत नाही. ती गाडी ओढणाऱ्याच्या मानेला मात्र वर्षातून एकदाच तेल मिळते, ही खेदाची गोष्ट आहे. शिवाय चरकोक्त कंडूघ्न गणातील दहा द्रव्यांमध्ये नक्तमाल म्हणजे करंज, निंब आणि सर्षप ही तिन्ही आहेत व तिन्हींच्या बियांपासून तेल निघते. खाज, उवा व माश्या यांनी त्रासलेल्या जनावरासाठी द्रव्ये शोधण्यास दूर जावे लागत नाही. करंज आणि निंब आपल्या बांधावरच उभे आहेत.

व्यवहाराची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. गंगाखेड तालुक्यातील, विशेषतः बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे राहिलेली जनावरे वृद्ध आईवडिलांच्या हाती असतात. सत्तरीतील माउलीने रोज चार जनावरांना हाताने तेल चोळावे, ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. तिच्या दारातील दोन खांब आणि तेलाचे गोणपाट हे काम काही अंशी करीत असतील, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.

इतके मान्य करूनही या साधनाला अभ्यंग म्हणण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही रोगिपरीक्षेची त्रिविध रीत आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. मुक्या जनावराच्या ठिकाणी प्रश्नपरीक्षा जवळजवळ संपते. उरतात डोळे आणि हात. तेल लावणारा हात त्याच वेळी परीक्षा करीत असतो. अंग तापलेले आहे काय, कातडीखाली गाठ आहे काय, खांदा दाबताच बैल दचकतो काय, कानात गोचीड आहे काय, हे त्या हाताला न विचारता कळते. गोणपाटाला यातील काहीच कळत नाही. तेल लागलेली तुकतुकीत पाठ पाहून मालक निश्चिंत होतो आणि खांद्याखालील सूज पिकेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, हा या सोयीतील खरा धोका आहे. ऊसतोडीच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांचे खांदे ज्यांनी हंगामाअखेर पाहिले आहेत, त्यांना याचा अधिक विस्तार करून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा मुद्दा साधनाच्या आवाक्याचा. गोचीड प्रामुख्याने कानात, मानेच्या पोळीत, जांघेत, कासेच्या आसपास आणि शेपटीच्या मुळाशी चिकटतात. टांगलेला दोर पोहोचतो तो पाठ, वशिंड आणि मानेच्या वरच्या भागापर्यंत. शिवाय थायलेरियासारखा घातक ताप पसरविणाऱ्या गोचिडांच्या आयुष्याचा काही काळ जनावराच्या अंगावर न जाता गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत जातो. म्हणून अंगावरील तेल हे गोचीड निर्मूलनाचे एक अंग झाले. गोठ्याच्या भेगा बुजविणे आणि नाजूक जागा हाताने तपासणे ही दोन अंगे त्यातून सुटत नाहीत. संकरित गाईंच्या बाबतीत तर हयगय परवडणारीच नाही. दावणीला बांधलेल्या जनावराला या साधनाचा उपयोग नाही, हेही ध्यानी घ्यावे. ते मुक्त संचार गोठ्यातच सार्थ ठरते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा संसर्गाचा आहे. सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानात गात्रसंस्पर्शाने आणि एकमेकांच्या वापरातील वस्तूंच्या संपर्काने संक्रमित होणाऱ्या औपसर्गिक रोगांचा निर्देश केला आहे. एकाच गोणपाटाला दहा जनावरांनी अंग घासणे म्हणजे एकच पंचा दहा जणांनी वापरणे होय. खरूज आणि गजकर्ण अशा साधनाने सहज पसरू शकतात. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रातील गोठ्यांवर जे संकट आणले, ते आपण विसरलेलो नाही. हा रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरत असला, तरी त्याचा विषाणू गळून पडलेल्या खपल्यांमध्ये दीर्घकाळ तग धरतो. साथीच्या काळात सामाईक घासणीचा दोर सोडून ठेवणे, गोणपाट काढून जाळणे, हाच विवेक होय. त्या काळात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचविलेल्या बाह्य लेपात खोकली, लसूण, कडुनिंब, मेंदी, तुळस व हळद ही द्रव्ये तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात उकळून जखम स्वच्छ केल्यावर लावण्यास सांगितले होते. द्रव्ये आपलीच होती. परंतु जखम स्वच्छ करण्याचे काम हातालाच करावे लागते.

आता तेलाविषयी. जनावर आपले आणि शेजारच्या जनावराचे अंग चाटते, म्हणून जे अंगाला लावले ते पोटात जाणारच, असे धरून चालावे. या कसोटीवर खेड्यापाड्यांतून सर्रास वापरले जाणारे इंजिनाचे जळके तेल सर्वथा त्याज्य ठरते. ते माश्यांना दूर ठेवते हे खरे, पण विषाने माश्या हाकलणे ही चिकित्सा नव्हे. करडईचा मोह आपल्या परभणी जिल्ह्यात होणे स्वाभाविक आहे, कारण हे पीक आपल्या घरचे. चरकाचार्यांनी मात्र स्थावर स्नेहांमध्ये तिळतेल सर्वांत हितकर आणि कुसुंभ म्हणजे करडईचे तेल सर्वांत अहितकर मानले आहे. ते वचन आहारासंबंधी आहे आणि करडईचे तेल आज आपल्या स्वयंपाकघरात मान्यता पावले आहे, हे आम्ही जाणतो. तरीही निवड करावयाची असेल तेव्हा आधार तिळतेलाचा असावा आणि करंज व निंब यांची तेले त्यात अल्प प्रमाणात मिसळावीत, असे आमचे मत आहे. उघड्या जखमेवर ही तीक्ष्ण तेले लागू देऊ नयेत, कासेलाही लागू देऊ नयेत, म्हणजे दुधाला वास येणार नाही.

काळवेळेचे भानही हवे. अजीर्णात आणि नवज्वरात अभ्यंग निषिद्ध आहे. ताप आलेल्या किंवा पोट फुगलेल्या जनावरास या साधनापासून दूर ठेवणे हाही त्याच नियमाचा भाग झाला. मराठवाड्याच्या वैशाखातील भर दुपारी तेलाने माखलेले अंग उन्हात उभे करू नये. म्हशीच्या काळ्या कातडीला उन्हाचा त्रास मुळातच अधिक होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्या व डास वाढतात, तो या साधनाच्या उपयोगाचा खरा हंगाम होय.

येथे आपल्या मर्यादेचाही उच्चार केला पाहिजे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपण जनावराचे रोगनिदान करू नये, औषधयोजनाही करू नये. आरोग्यरक्षणासाठी तेलाचा गुण, त्याची सिद्धी आणि त्याचा निषेधकाल सांगणे मात्र आपल्या ज्ञानाच्या कक्षेत येते. एक भाग कल्क, चार भाग स्नेह व सोळा भाग द्रव ही तैलसिद्धीची परिभाषा आपल्या हाताखाली रोज सिद्ध होते. परभणीच्या पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयातील अभ्यासकांसमवेत बसून तिळतेलात सिद्ध केलेले कंडूघ्न तेल कोणत्या प्रमाणात, किती दिवसांच्या अंतराने आणि कोणत्या जनावरांत उपयोगी पडते, याची रीतसर परीक्षा घेणे शक्य आहे. रासायनिक गोचीडनाशकांना गोचीड दाद देईनासे झाले असताना असे काम कोणी तरी हाती घेणे आवश्यक झाले आहे. केवळ ग्रंथवचनांच्या बळावर गुणाची ग्वाही देणे शास्त्रालाही मान्य होणार नाही.

तोपर्यंत शेतकऱ्याने विचारल्यास आपण काय सांगावे? आमचे उत्तर असे : दोर बांधा, पण गोणपाट वेळोवेळी बदला. आजारी जनावर वेगळे ठेवा. तेल खाण्यायोग्य असेल तेच वापरा. आणि आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक जनावराच्या कानापासून खुरापर्यंत स्वतःचा हात फिरवा. वृद्ध माउलीकडूनही एवढे होईल, कारण रोजचे चोळण्याचे श्रम दोराने घेतलेले असतील.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. विठ्ठल तिच्यासवे दळू लागला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत जनाबाईचा हात जात्यावरून सुटत नाही. तिच्या हाताला दुसरा हात लागतो, इतकेच. गोठ्यातील या साधनाकडे त्याच दृष्टीने पाहावे. ते मालकाच्या हाताला साहाय्य करणारे असावे, त्याची सुटी करणारे नसावे. येत्या पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांदेमळण करताना आपल्या परिसरातील शेतकऱ्यांना एवढे सांगितले, तरी आपल्या शास्त्राने गोठ्याचे थोडेसे ऋण फेडले, असे आम्ही समजू.