फोर बाय फोर चढवते, थांबवत नाही

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या घरांत मनालीचे बेत शिजू लागतात. हल्ली चंदिगडला विमानाने उतरायचे आणि तिथून भाड्याची गाडी स्वतः चालवत वर न्यायची, किंवा थेट घरूनच गाडी काढायची, ही हौस वाढली आहे. हौसेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यामागच्या एका समजुतीबद्दल. ‘आपली गाडी फोर बाय फोर आहे, बर्फात काय होणार?’ हे वाक्य ज्या गाडीत उच्चारले जाते, त्या गाडीत मागच्या सीटवर मुले आणि आजी-आजोबा बसलेले असतात, म्हणून हा प्रपंच.

फोर बाय फोर किंवा ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे काय, तर इंजिनाचा जोर दोनऐवजी चारही चाकांपर्यंत पोचतो. निसरड्या जागी गाडी हलवायला, चढ चढायला त्याचा उपयोग होतो, आणि तो खराच होतो. पण ब्रेक? ते तर साध्यातल्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच! थांबण्याच्या परीक्षेत महागडी गाडी आणि स्वस्त गाडी एकाच बाकावर बसतात, आणि निकाल लावतो तो टायर.

थोडा हिशेब करू. सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते. चाकांखाली दाबून कडक झालेल्या बर्फावर तिला ३० मीटरच्या आसपास लागतात. रात्री गोठून काचेसारखा झालेला थर असेल तर ६० मीटर. म्हणजे पाच एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढे अंतर. आणि तेही सपाटीवर! अशा काचेवर दहास एक उतार असेल, तर ब्रेक दाबूनही गाडी थांबतच नाही. ती उतार संपेपर्यंत किंवा काही आडवे येईपर्यंत जाते. आंबोली नि माळशेजच्या पावसाळी घाटांत हात बसलेला आपला चालक इथेच फसतो. पावसातला रस्ता पकड कमी करतो, गोठलेला रस्ता ती जवळजवळ काढूनच घेतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दोन चाकांवर चालणारी गाडी पहिल्याच बर्फाळ चढावर जागच्या जागी चाके फिरवू लागते. चालक वैतागतो, पण ती सूचना असते: ‘बाबा रे, इथे पकड नाही, मागे फिर.’ फोर बाय फोर ही सूचना गिळून टाकते. ती तुम्हाला निमूटपणे वर नेते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे प्रथम कळते ते उतरताना. तेव्हा मागे फिरण्याचा प्रश्नच उरलेला नसतो.

बर्फ पडला की मनालीच्या पुढे प्रशासन अनेकदा फक्त फोर बाय फोर गाड्यांनाच सोडते. या नियमाचा अर्थ ‘तुमची गाडी चढावर अडकून रस्ता अडवणार नाही’ इतकाच. लोक मात्र त्याला सुरक्षिततेचा दाखला समजतात. २३ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या, आणि ब्रेक लावूनही उतारावर घसरत जाणाऱ्या गाड्यांची दृश्ये त्या आठवड्यात घरोघरी पाहिली गेली. शिवाय थारसारखी गाडी २०२३पासून नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते. भाड्याने घेताना रुबाब पाहून भुलू नये, विचारून घ्यावे.

१९८६ साली ऑडी कंपनीने फिनलंडमध्ये स्की-उडीच्या उभ्या बर्फाळ उतारावर गाडी चढवून दाखवली. जाहिरात गाजली. २००५ साली तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा चाकांना खास खिळ्यांचे टायर होते, ही गोष्ट मात्र जाहिरातीइतकी कुणाच्या लक्षात नाही. आपल्या गाडीचा नेहमीचा टायर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवणे हा गुन्हा आहे, मग गाडी चार चाकांवर चालणारी का असेना. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यापूर्वी टायर बदलणे दिवाळीच्या साफसफाईइतके अंगवळणी पडलेले असते. आपल्याकडे ती सोय सहसा नसल्याने साखळ्या हाच उपाय. त्या शक्यतो चारही चाकांना असाव्यात आणि बसवायच्या कशा हे घरच्या अंगणात शिकून घ्यावे. रात्री, गारठलेल्या बोटांनी, ते शिकता येत नाही.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. सगळा ब्रेकवर उडवला तर वळायला काही शिल्लक राहत नाही. म्हणून वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचे अंतर राखायचे. एबीएस असेल तर ब्रेक सोडत-दाबत बसू नये, पायाखाली थरथर जाणवली तरी दाबून ठेवावा. आणि निघताना, मागेपुढे कुणी नाही असे पाहून, ताशी पंधराच्या वेगात एकदा हलका ब्रेक लावून पाहावा. रस्ता स्वतःच उत्तर देतो. दुपारी वितळलेले पाणी डोंगराच्या सावलीत तीन-चारनंतर पुन्हा गोठू लागते. तो थर इतका पातळ असतो की रस्ता नुसता ओला वाटतो. ‘अजून एक फोटो’ म्हणून लांबवलेला अर्धा तास अशा वेळी फार महाग पडू शकतो.

एवढे करूनही अडकलातच, तर गाडी सोडून अंधारात चालत निघू नये. पण बंद काचांत हीटर लावून झोपूही नये. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमधून वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत मुलेही होती. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्याला तो जागही येऊ देत नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरावा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी, दहा मिनिटे ऊब घेऊन इंजिन बंद करावे, आणि मोठ्यांपैकी एकाने पाळीपाळीने जागे राहावे. फावडे, टॉर्च, पाणी, घोंगड्या आणि डबाभर लाडू-चिवडा मात्र डिकीत नव्हे, हाताशी ठेवावा. गोठलेली डिकी नेमकी त्याच रात्री उघडत नाही.