शके, फसली आणि संगणक

केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियानाची घोषणा केली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे त्याचे उद्दिष्ट. संकल्प स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु कोटीच्या आकड्याने हरखून जाण्यापूर्वी अशाच एका मोठ्या प्रयोगाचे पुढे काय झाले, हे पाहणे हितावह ठरेल.

‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प या शतकाच्या प्रारंभी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने उभा राहिला. लक्षावधी ग्रंथांची पाने छायांकित झाली. त्यांत आज बाजारात न मिळणारे मराठी ग्रंथही होते. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. बराचसा साठा ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर सुरक्षित आहे, हे नशीबच म्हणायचे. पण तेथे हवा तो मराठी ग्रंथ शोधू पाहणाऱ्याची दमछाक होते. शीर्षके रोमन लिपीत, कानाला येतील तशी टंकित केलेली. एकच ग्रंथकार निरनिराळ्या वर्णलेखनांमुळे अनेक जणांत विभागलेला. कोठे खंडाचा क्रमांकच नाही. ग्रंथ आहे, पण सापडत नाही!

ग्रंथाविषयीच्या या माहितीला संगणकाच्या परिभाषेत ‘मेटाडेटा’ म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेतील डब्लिन या गावी झालेल्या बैठकीतून तिची जगन्मान्य चौकट पुढे आली. तीत शीर्षक, कर्ता, दिनांक, भाषा, हक्क असे पंधरा घटक आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’ मुख्यत्वे अशा नोंदीच ठिकठिकाणच्या संस्थांकडून गोळा करते आणि वाचकाला मूळ साठ्याकडे पाठवते. तेव्हा नोंद चुकली की वाट चुकली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता; ग्रंथ पारखण्याची दृष्टी होती.

मराठवाड्यात हे काम विशेष अवघड आहे. तेलंगणाच्या सीमेवरचे, मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे धर्माबाद घ्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. सरकारी कागद उर्दूत, हिशेब मोडीत, पोथी देवनागरीत आणि शेजार तेलुगूचा. एकाच घरातील एका पेटीत हे सारे निघू शकते. त्यात कालगणनेचा घोळ निराळाच. पोथीवर शके, सरकारी दप्तरावर फसली. फसली १३५७ म्हणजे इसवी १९४७-४८, अर्थात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे धगधगते वर्ष. कंत्राटावर नेमलेल्या तरुणाने दिनांकाच्या रकान्यात नुसते ‘१३५७’ टंकले, की रझाकारांच्या अत्याचाराविरुद्धचा अर्ज थेट बहामनी सुलतानांच्या कप्प्यात जाऊन पडेल! शके १८१० चा ग्रंथ इसवी १८८८ चा. तोही असाच अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारा व्हायचा. उपाय साधा आहे: मूळ सन जसाच्या तसा लिहावा आणि शेजारी इसवी सन द्यावा.

स्थलनामांचेही तेच. अंबाजोगाईचे निजामी काळात मोमिनाबाद झाले होते. औरंगाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतराचा अभिमान रास्तच आहे. पण म्हणून १९६० सालच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेले ‘औरंगाबाद’ नोंदीतून खोडणे हा पुराव्याशी खेळ होईल. मुखपृष्ठावर आहे तेच नाव नोंदवून, दोन्ही नावे एकाच स्थळाची आहेत अशी जोड सूचीत दिली, की कोणत्याही नावाने शोधणारा तेथेच पोहोचतो.

हे सारे संगणकात भरणा होण्यापूर्वी, कागद हातात असतानाच व्हायला हवे. एकदा दहा हजार चित्रे नुसत्या क्रमांकांनी साठवली, की पुन्हा प्रत्येक उघडून पाहण्यास कोणाला वेळ नसतो आणि तेवढा निधीही नसतो. निविदा निघतात त्या पानांच्या संख्येवर. नोंदींच्या अचूकतेचा दर त्यांत क्वचितच असतो. इकडे निजामी शाळेत उर्दू शिकलेली आणि घरी मोडी गिरवलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि कार्यकर्त्यांनी या आजोबांच्या शेजारी वही घेऊन बसावे. कागद कोणाचा, कशाविषयी, कोणत्या सनाचा, एवढे लिहून घ्यावे. छायांकनाचे यंत्र पुढच्या वर्षी आले तरी चालेल.