आधीचे पुसू नका!

दिवाळी आली की घरोघर चेहरे उजळतात. हल्ली ते फोनमध्येही उजळून घेण्याची टूम निघाली आहे. छायाचित्र काढायचे, त्यावर बोटे फिरवायची, आणि मग चित्रावर बोट दाबून धरले की आधीचे दिसते, उचलले की नंतरचे. आधीचे मलूल, नंतरचे लखलखीत! बघणारे ‘वा!’ म्हणतात आणि परीक्षा संपते. वाचकहो, मी शाळामास्तर आहे. जिचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिला मी परीक्षा म्हणत नाही.

उजळ रंगाला डोळा प्रथमदर्शनी भुलतोच. शिवाय तासभर एकाच चित्रात डोके घातले की भडकपणाही अंगवळणी पडतो. म्हणून जाणता छायाचित्रकार मध्येच उठतो, चार पावले फिरून येतो आणि मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवतो. तो विचारतो, ‘होते त्यापासून मी किती दूर आलो?’ आपण विचारतो, ‘देखणे कोणते?’

‘त्यात बिघडले काय?’ असे कोणी म्हणेल. तर ऐका. जून १९९४ मध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या नामवंत कृष्णवर्णीय खेळाडूला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेले त्याचे एकच छायाचित्र दोन साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापले. ‘न्यूजवीक’ने होते तसे, ‘टाइम’ने अधिक काळे करून. दोन्ही अंक दुकानांत शेजारीशेजारी आले आणि एकच गहजब उडाला. ‘टाइम’च्या संपादकाला खुलासा करावा लागला. आधीचे लोकांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून नंतरचे उघडे पडले!

पण अमेरिका कशाला? माझ्याच घरातले सांगतो. आई गेल्यावर तिचे एक छायाचित्र भाच्याने फोनवर नीटनेटके केले. बोट दाबून आधीचे दाखवले, उचलून नंतरचे. आम्ही सगळे ‘वा!’ म्हणालो, मी सर्वांत मोठ्याने. चित्र मोठे करून भिंतीवर लावले. महिन्याने ध्यानात आले, की सुरकुत्यांबरोबर तिच्या हनुवटीवरचा गोंदणाचा हिरवा ठिपकाही गेला आहे. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी ज्यावर बोट ठेवीत असे, तोच तो ठिपका. भाच्याकडे मूळ चित्र मागितले. तो ओशाळून म्हणाला, “मामा, जागा अडत होती, म्हणून पुसलं.”

त्या पोराला मी काय बोलणार? ‘वा!’ म्हणणाऱ्यांत मीच पुढे होतो.

दुरुस्तीला माझा विरोध नाही. मुलांच्या वह्यांत मी रोज लाल शाई सांडतो. पण तिच्याखाली मुलाचे अक्षर वाचता येते. कादंबरी लिहिताना ओळी खोडतो; पण हस्तलिखित जाळीत नाही. ‘लाइटरूम’सारखी साधने तर मूळ चित्राला हातही लावीत नाहीत, फेरफार तेवढे वेगळे टिपून ठेवतात. यंत्राला जे कळते, ते आपल्याला कळू नये?

यंदा भाऊबीजेला छायाचित्रे काढाल, ती खुशाल उजळा. पण आधीचे आणि नंतरचे शेजारी ठेवाल तेव्हा काय वाढले एवढेच पाहू नका. काय गेले तेही शोधा. आणि आधीचे कधीही पुसू नका. आमच्या भिंतीवरची बाई फार सुरेख दिसते. तिच्या हनुवटीकडे मात्र मला अजून पाहवत नाही.