चाप आहे, नेम नाही

जुन्या वस्तूंची पोटे रिकामी करून त्यांत नवी यंत्रे बसवण्याची हौस सध्या फोफावली आहे. तिचा एक प्रकार आम्हांला विशेष खुपतो. निन्टेन्डोची ‘झॅपर’ ही खेळण्यातली बंदूक घ्यायची, आतले मूळ सर्किट उपटायचे, तिथे रास्पबेरी पायचा इवलासा बोर्ड बसवायचा, त्यात शेकडो जुने गेम भरायचे आणि त्या पेंढा भरलेल्या कलेवराला ‘वारशाचे जतन’ म्हणायचे. कारागिरीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘जतन’ या शब्दाविषयी. आणि शब्द तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे काम असल्याने हा विषय इथे अस्थानी ठरू नये.

ही बंदूक मुळात काय करीत असे? ‘डक हंट’ (१९८४) खेळताना चाप ओढला की पडदा सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागापुरता काळा होई. लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतल्या फोटोडायोडला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. म्हणजे बंदुकीतून काहीच सुटत नसे. पडदा प्रकाश धाडी आणि बंदूक तो वाचीत असे. दिव्यावर नेम धरून फसवू पाहणाऱ्याची लबाडी त्या काळ्या क्षणात उघडी पडे. १९९०च्या दशकात नक्कल केलेल्या व्हिडिओ गेमसोबत आलेल्या अशाच बंदुका ज्यांनी आपल्याकडे हाताळल्या, त्यांना नेम चुकल्यावर हसणारा तो कुत्रा आठवत असेल. त्याच्या हसण्यामागची ही यंत्रणा मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असे.

या व्यवहाराला तिसरा पक्षही होता: पिक्चर ट्यूबचा टीव्ही. ट्यूब चित्र रेषेरेषेने आणि विलंबाविना रेखाटते. एलसीडी पडदा चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतो. त्या अल्प विलंबाने वेळेचे सारे गणित कोसळते आणि मूळ बंदूक आंधळी होते. तेव्हा ‘डक हंट’ ही संहिता कॅसेटमधल्या २४ किलोबाइटांत संपत नाही. ती कॅसेट, बंदूक आणि ट्यूब यांच्यातल्या कराराने सिद्ध होते.

आता पेंढा भरलेली बंदूक पाहा. गेम तिच्या पोटात असतात, आणि खेळण्यासाठी बहुतेकदा निराळा कंट्रोलर हाती घ्यावा लागतो. बंदूक टेबलावर पडून राहते. हिचे कवच राखाडी असावे की अमेरिकेत पुढे आलेले नारिंगी, यावर हौशी मंडळी तावातावाने वाद घालतात. फोटोडायोड मात्र कचऱ्यात जातो. पुठ्ठ्याची बांधणी जपून पाने फाडणाऱ्यास आपण ग्रंथपाल म्हणू काय?

यावर उत्तर ठरलेले आहे: ट्यूबचे टीव्ही गेले, बंदूक तशीही निकामी झाली, मग कवच वापरले तर बिघडले कोठे? बिघडलेल्या बंदुकीपुरते हे आम्हांला मान्य आहे. झॅपर दुर्मीळही नाही; एका बंदुकीने इतिहास बुडत नाही. पण जात्यावरची ओवी छापताना जाते मागे राहिले, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा संपादकाकडून आपण अपेक्षितो. जात्याची फेरी हरवली आणि शब्द उरले, असे त्याने म्हटले तर ते संकलन आदरणीय असते. ‘ओवी जशीच्या तशी जपली’ म्हटले तर ती फसवणूक असते. इथे तर शब्दही नव्हे, जात्याचा नुसता आकार उरला आहे.

दुसरी वाट नाही असेही नव्हे. सिन्डेन लाइटगनमध्ये कॅमेरा असतो. पडद्यावरच्या खेळाभोवती आखलेली पांढरी चौकट ओळखून तो नेमाची जागा ठरवतो. तंत्र संपूर्ण वेगळे, बाह्यरूपही वेगळे. तरीही डोळा, हात आणि पडदा यांचे नाते कायम. चांगला अनुवाद याहून निराळे काय करतो?

म्हणून आमचा आग्रह साधा आहे. बंदूक चालू असेल तर तिला स्क्रू ड्रायव्हर लावू नये. हौस नकली कवचावर भागवावी. जिचे सर्किट काढलेच असेल, तिचे सुटे भाग डबीत जपून ठेवावेत. आणि जे तयार होईल त्याला शोभेची वस्तू म्हणावे, रूपांतर म्हणावे, गंमत म्हणावे. ‘जतन’ म्हणण्यापूर्वी तिने पडद्यावर एकदा नेम धरून दाखवावा.