बसून लाटलेली पोळी

मराठीतल्या एका वाक्प्रचाराचा मला मनापासून राग येतो: दुखणं अंगावर काढणं. 'शेवटपर्यंत अंगावर काढलं, पण कुणाला कळू दिलं नाही हो तिनं.' हे वाक्य तुम्हीही दहाव्या-तेराव्याला ऐकलं असेल. आणि ते हळहळ म्हणून कमी, कौतुक म्हणून जास्त बोललं जातं. एका बाईला वर्षानुवर्षं दुखत होतं आणि घरातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता, याची खरं तर त्या घराला लाज वाटायला हवी. आपण त्याचं सर्टिफिकेट करून भिंतीवर लावतो.

ताप अंगावर काढला तर तो चार दिवसांत उतरतो तरी. जे दुखणं उतरणारच नाही ते अंगावर काढायचं म्हणजे काय करायचं? किती वर्षं?

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणतं. कधी ती संधिवातासारख्या दुसऱ्या आजारामागून येते. कधी मूळ दुखापत भरून निघते तरी वेदना राहते, कारण मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवायला शिकलेली असते आणि ती बंद करायचं विसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात अशा वेदनेला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे. म्हणजे 'काही सापडत नाही, पण दुखतंय' हे आता मनाचे खेळ या खात्यात टाकता येत नाही. निदान कागदावर तरी.

कागदाबाहेर काय चालतं ते मला ठाऊक आहे. माझी मान, खांदे आणि मनगटं सात वर्षं दुखतायत. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट उजेडात धरून पाहिले, 'सगळं नॉर्मल आहे' म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला, 'लग्न झालंय का?' या प्रश्नाचा माझ्या मनगटाशी संबंध काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

रिपोर्टवरची ही श्रद्धा दोन्ही बाजूंनी खोटी आहे. पाठीचं काहीच न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आढळल्या, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. दुखत मात्र त्यांच्यापैकी कुणालाच नव्हतं. चित्र खराब आणि माणूस ठणठणीत असं होऊ शकतं, तसं चित्र स्वच्छ आणि माणूस बेजार असंही होऊ शकतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये साधी गोष्ट लिहून ठेवली: माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान ठेवा. एवढं लिहून ठेवावं लागतं, यातच सगळं आलं.

आता माझा मुख्य मुद्दा. दुखणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच दुकानं उघडी दिसतात. एका दुकानात 'मुळापासून बरं करतो' असं म्हणणारे बसलेत. तेल, काढा, बेल्ट, मॅग्नेटची गादी, एकवीस दिवसांचा कोर्स. तुमच्या मोबाइलला तुमची पाठ दुखते हे एकदा कळलं की पुढचे सहा महिने तो तुम्हाला हेच दाखवतो. दुसऱ्या दुकानात सोसण्याचं तत्त्वज्ञान मिळतं: भोग आहेत, सकारात्मक राहा, श्वासावर लक्ष द्या, आपल्या आज्या कुठं रडत बसल्या होत्या? दोन्ही दुकानांचे मालक एकमेकांना शिव्या देतात, पण त्यांचा माल एकच आहे. दुखणं आहे तोवर नीट जगणं नाही, यावर दोघांचंही एकमत आहे. एक म्हणतो आधी बरे व्हा, मग जगा. दुसरा म्हणतो बरं होणार नाही, तेव्हा जगण्याचा हट्ट सोडा.

तिसरं दुकान गल्लीच्या आत आहे आणि त्याची पाटी वाचून कुणी आत जात नाही. पाटीवर लिहिलंय 'व्यवसायोपचार'. इंग्रजीतल्या ऑक्युपेशनल थेरपीचं हे मराठी. ऐकणाऱ्याला वाटतं, नोकरी-धंद्याचं मार्गदर्शन असेल. 'ओटी' म्हणावं तर हॉस्पिटलात सगळे ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर इथं 'उद्योग' हा शब्द चालला असता. 'काय उद्योग चाललाय?' असं आपण पगार मिळवणाऱ्यालाही विचारतो आणि वाळूत खेळणाऱ्या पोरालाही. या उपचारपद्धतीला नेमकं तेच विचारायचं असतं: तुझा दिवस कशानं भरतो, आणि दुखण्यानं त्यातलं काय काय काढून घेतलं?

हे काही परवा परदेशातून आलेलं फॅड नाही. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्मानं अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या इथल्या झाल्या. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे महाराष्ट्रात या विद्येला पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली. तरी तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारा. नऊ जण म्हणतील, 'ते फिजिओथेरपीच ना?'

नाही. ढोबळमानानं सांगायचं तर फिजिओथेरपिस्ट तुमचा खांदा बघतो, त्याची ताकद आणि हालचाल वाढवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो की त्या खांद्यानं तुम्हाला काय करायचंय. वेणी घालायचीय? लोकलमध्ये वरची कडी धरायचीय? मग तो कामाचे तुकडे करतो आणि कुठला तुकडा बदलता येईल ते बघतो. कुकर एका कानाला धरून उचलण्याऐवजी दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून. जड पातेलं उचलायचंच नाही, ओट्यावरून सरकवायचं. कपडा हातानं पिळण्याऐवजी नळाला गुंडाळून पीळ द्यायचा. लाटण्याच्या मुठी कापड गुंडाळून जाड करायच्या, म्हणजे बोटं आवळावी लागत नाहीत. उभं राहावंच लागलं तर एक पाय आलटून पालटून छोट्या पाटावर. आणि तुम्ही हे ज्यावर वाचताय ते उपकरण करंगळीवर तोलून अंगठ्यानं सरकवत राहण्याऐवजी कशाला तरी टेकवून ठेवायचं. आत्ता ठेवलंत तरी चालेल.

हसू येतं ना? एवढ्यासाठी डिग्री लागते? हाच तो तुच्छतेचा सूर आहे. स्वयंपाक, अंघोळ, धुणं, केस विंचरणं ही आपल्या लेखी कामंच नाहीत, मग त्यांच्यासाठी शास्त्र कुठून असणार? क्रिकेटपटूच्या खांद्यासाठी टीमसोबत तज्ज्ञ फिरतो ते आपल्याला पटतं. रोज तीस पोळ्या लाटणाऱ्या खांद्यासाठी तज्ज्ञ म्हटलं की हसू येतं.

शिवाय युक्त्या हा सोपा भाग आहे. अवघड भाग वहीत आहे. थेरपिस्ट मला म्हणाली, दोन आठवडे लिहून ठेव, कुठल्या कामाला किती मिनिटांनी दुखणं चढतं. माझ्या वहीत आलं: टायपिंग, पंचवीस मिनिटं. उभं राहून चिरणं, बारा. मग ती म्हणाली, पंचवीस असेल तर अठराव्या मिनिटाला थांबायचं. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. आणि ज्या दिवशी अजिबात दुखत नसेल त्या दिवशीही अठराव्यालाच थांबायचं. मग हळूहळू एकेक मिनिट वाढवायचं.

चांगल्या दिवशी थांबणं किती कठीण असतं, ते दीर्घकाळ दुखणाऱ्या प्रत्येकाला विचारा. दिवाळीचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. एक सकाळ अशी उगवते की अंग हलकं वाटतं. मग त्याच दिवशी चकल्या, शंकरपाळे, माळ्यावरची भांडी, पडदे, सगळं. पुढचे चार दिवस कूस बदलणं मुश्कील. मग चार दिवस काही केलं नाही म्हणून अपराधी वाटतं, म्हणून पुढच्या चांगल्या दिवशी पुन्हा दुप्पट. अशा फेऱ्यांत स्नायू दुबळे होतात, मिनिटं कमी होत जातात, आणि घरात वाक्य तयार होतं: 'परवा तर चांगली चकल्या करत होतीस.'

हल्ली आत्मशोध विकत मिळतो. डोंगरावर दोन रात्री, मौन, सूर्योदय, परतताना एक वही भेट. गंमत म्हणजे वही दोन्हीकडे आहे. पण माझ्या वहीनं मला जे सांगितलं ते कुठल्याच सूर्योदयानं सांगितलं नसतं. थेरपिस्ट एक पद्धत वापरते. तिचा उगम कॅनडातला. तुम्हाला महत्त्वाची वाटणारी कामं तुम्हीच सांगायची, मग प्रत्येक काम आज किती जमतं आणि त्यावर तुम्ही किती समाधानी आहात, याला दहापैकी गुण द्यायचे. मी पाच कामं सांगितली. तिनं कागद माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, यातलं तुझं कुठलं? रोजच्या पोळ्या, आजीला अंघोळ घालणं, कपडे, पाहुण्यांचं चहापाणी. पाचवं होतं चित्र काढणं, आणि ते मी 'जमलं तर' असं म्हणून सांगितलं होतं.

व्यवसायोपचाराची खरी धार इथं लागते आणि म्हणूनच तो आपल्या घरांना परवडत नाही, असं माझं म्हणणं आहे. अठराव्या मिनिटाला मी थांबले तर एकोणिसाव्या मिनिटाची कणीक कोण मळणार? गोळीला हा प्रश्न पडत नाही. गोळी बाईला पुन्हा ओट्यापाशी उभी करते आणि घर होतं तसं चालू राहतं. काढ्याचंही तेच. वही मात्र घरातल्या प्रत्येकाकडे बोट दाखवते. 'सोसणं हा बाईचा दागिना' म्हणणाऱ्यांना तिच्या वेदनेची फिकीर नसते असं नाही. त्यांना तिच्या थांबण्याची भीती वाटते.

मी स्टुलावर बसून पोळ्या लाटायला लागले तेव्हा आमच्या घरी कुणी भांडलं नाही. फक्त येणारा-जाणारा विचारायचा, 'का गं, बरं नाही का?' मग आई खाली मान घालून उत्तर द्यायची. लाटलेली पोळी तव्यावर तशीच फुगत होती. पण बसून केलेलं काम म्हणजे आळस, हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. दुकानांतही तेच. केरळमध्ये कापडाच्या आणि इतर दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागायचं. त्यांनी अनेक वर्षं लढा दिल्यावर २०१८ मध्ये कायद्यात त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. विधानसभेनं कायदा करावा लागतो तेव्हा कुठं माणसाला खुर्ची मिळते.

माझ्यावर आक्षेप येईल की हे सगळं म्हणजे हार मानणं आहे. वेदनेशी लढायचं सोडून स्टूल शोधायचं. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: कंपन्या उद्या याचाच वापर करतील, माणसाला दहा तास बसवून ठेवण्यासाठी चांगली खुर्ची देतील आणि म्हणतील, आता तक्रार नको. खरंय, देतील. म्हणून तर 'तुला काय करायचंय' हा प्रश्न विचारणारा माणूस कंपनीच्या पगारावर नसावा. पहिल्या आक्षेपावर एवढंच: औषध, व्यायाम, तपासण्या मी सोडलेल्या नाहीत. मी फक्त त्यांच्या निकालाची वाट बघत बसणं सोडलं.

आणि सरकारकडे मागणं आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. दीर्घकालीन वेदना नावानिशी त्यांत नाही. सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व सिद्ध करावं लागतं, आणि वेदनेची टक्केवारी मोजणारी पट्टी कुणाकडेच नाही. वेदनेचे रुग्ण फक्त मोठ्या शहरांत राहत नाहीत. ऊस तोडणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, भात लावणाऱ्या बाईच्या कमरेपर्यंत व्यवसायोपचार पोचवायचा असेल तर तो जिल्हा रुग्णालयाच्या खाली, तालुक्याला उतरायला हवा. तिच्या कामाचे तुकडे कसे करायचे हे शोधणं माझ्या टायपिंगपेक्षा कितीतरी अवघड आहे. उचल घेतलेल्या मजुराला अठराव्या मिनिटाला थांबता येत नाही, आणि मुकादमाला वही दाखवून उपयोग नाही.

आमच्या घरी सध्या चित्राला आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटं मिळतात. पोळ्या तीन दिवस भाऊ लाटतो, उभ्यानं, कारण त्याला बसून जमत नाही म्हणतो. यंदा गणपतीला एकवीस मोदक घरीच वळायचे, की अकरा घरी आणि बाकीचे विकत, यावर वाद अजून चालू आहे.