विश्लेषण : आजोबा गिरणीत होते, हे सिद्ध कसे करायचे?

गिरणी कामगाराच्या नातवाला आजोबांविषयी सहसा तीन गोष्टी ठाऊक असतात : गाव, गिरणीचे नाव आणि १९८२चा संप. घरात एखादा लग्नातला फोटो असतो. पण म्हाडाच्या गिरणी कामगार योजनेतील घरासाठी एवढे पुरत नाही. कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता, हे वारसांना कागदाने दाखवावे लागते. त्याच महिन्यात, १८ जानेवारीला, सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यातले कित्येक गावी परतले ते कायमचेच. कागदपत्रे कुठे खोलीवर राहिली, कुठे पत्र्याच्या ट्रंकेत वाळवीने खाल्ली.

नोंदी कुठे सापडतात?

गिरणीत कामगाराची ओळख तिकीट नंबरने होती. तो नंबर हाती लागला की हजेरीपत्रक, पगारपावती, रजेचे रजिस्टर यांत माणूस सापडण्याची शक्यता वाढते. तो नसेल तर भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक शोधावा. त्यात आस्थापनेचा, म्हणजे गिरणीचा संकेतांक असतो. राज्य कामगार विमा योजनेचे जुने कार्डही तितकेच मोलाचे. दवाखान्याचे म्हणून ते अनेक घरांत जपलेले असते.

मुंबईत काही मिळाले नाही तर गावाकडे वळावे. रत्नागिरी, सातारा भागातून आलेल्या कामगाराचे नाव बहुधा सामायिक सातबाऱ्यावर असते. तो वारल्यावर झालेल्या वारस नोंदीत आणि फेरफारात मृत्यूची तारीख, पत्नी-मुलांची नावे मिळतात. जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरही पाहता येतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख असते, अर्थात मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली. यातून गिरणीतली नोकरी सिद्ध होत नाही, नाते मात्र होते. आणि दावे अडतात ते पुष्कळदा नात्याच्याच पुराव्यावर.

नाव जुळत नाही, तेव्हा?

खरी अडचण इथे आहे. गिरणीत ‘सखाराम विठू’ एवढेच लिहिलेले, सातबाऱ्यावर आडनाव वेगळे, रेशनकार्डावर तिसरेच. इंग्रजी रजिस्टरात स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीने. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका काम करत. एखादीचे तिकीट माहेरच्या नावाचे असेल, तर नात सासरच्या नावाने शोधत बसते. बदली कामगारांचे हाल याहून जास्त. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून काम मिळाले तर मिळाले, अशा माणसाची सलग नोंद कुठून असणार?

म्हणूनच पुराव्याचा सगळा भार वारसांवर टाकणे अन्यायाचे आहे. हजेरीपट कामगाराने लिहिला नव्हता, सांभाळायचाही त्याने नव्हता. तो होता मालकाकडे, आणि बऱ्याच गिरण्यांच्या बाबतीत सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे. ज्याच्या ताब्यात दप्तर होते, त्याला सोडून सत्तरीतल्या विधवेकडे पगारपावती मागितली जाते.

सरकारला हे काम जमत नाही, असेही नाही. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे आणि मोडीतले दप्तर सरकारी यंत्रणेने स्वतः उघडले, वाचून घेतले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकले. लाखो नोंदी अशा सापडल्या. गिरण्यांची उरलीसुरली रजिस्टरे त्याच पद्धतीने एकत्र करून, स्कॅन करून, तिकीट नंबर आणि गाव या दोन्हींवरून शोधता येतील अशी ठेवावीत. एका रजिस्टरात एका खात्याचे शेकडो कामगार असतात. ते एकदा वाचले की तितक्या घरांची धावपळ वाचते. १९८२मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. नावांतला घोळ सोडवायला तो आणि त्याचे सोबती अजून आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.