नातवाचा अजगर, आजीची खोली

या पंधरवड्याच्या टपालात सत्तरी ओलांडलेल्या एका सद्गृहस्थांचे पत्र आले आहे. पत्नी अर्धांगवायूमुळे दीड वर्षापासून अंथरुणावर, स्वतःस मधुमेह आणि दोन वेळचे इन्सुलिन, मुलगा व सून दिवसभर संत्र्याच्या बगीच्यात. अशा घरात बारावीतल्या नातवाने ‘बॉल पायथन’ या आफ्रिकेतील जातीचा छोटा अजगर पाळण्याचे मनावर घेतले आहे. त्यासाठी लागणारी पेटी तो स्वतःच्या हाताने बनविणार असून वहीत तिचा आराखडाही तयार आहे. आजोबांनी त्या आराखड्याची नक्कल पत्रासोबत पाठविली आहे. परवानगी द्यावी की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

आराखडा मी दोनदा पाहिला. मुलगा हुशार आहे. मात्र पेटी कोणत्या खोलीत राहील, याचा त्यात उल्लेख नाही, आणि वैद्यकीय दृष्टीने पहिला प्रश्न तोच आहे.

तत्पूर्वी कायद्याचे थोडके. आपल्या शिवारातला कोणताही साप, मग तो बिनविषारी धामण असो वा दुतोंड्या मांडूळ, पकडून घरात ठेवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ते निषिद्ध आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीपूर्वी नाग धरून ते मडक्यात ठेवण्याची जुनी प्रथा होती, तीही न्यायालयाच्या आदेशाने थांबली. परदेशी जातींचा मार्ग वेगळा आहे. बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येत असल्यामुळे त्याची नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. त्यासंबंधीचे नियम २०२४मध्ये लागू झाले. विकणारा कागद देत नसेल, तर विषय तेथेच संपला असे समजावे.

आता प्रकृतीविषयी. सापाच्या आतड्यात साल्मोनेला जातीचे जंतू बहुधा असतातच. त्यांचा सापाला काही त्रास नसतो आणि तो निरोगीच दिसतो. विष्ठेतून हे जंतू त्याच्या अंगावर, पाण्याच्या भांड्यात, पेटीच्या भिंतींवर आणि तेथून आपल्या हातांवर येतात. तरुण माणसाला त्यातून दोन-चार दिवसांची हगवण होते. वृद्धाच्या शरीरात मात्र तेवढ्याने पाणी कमी पडून रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि क्वचित जंतू रक्तात शिरतात. आम्लपित्तावरच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण जंतूंना जठरात अडविणारे आम्लच त्यांच्याकडे कमी असते. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जण या गोळ्या वर्षानुवर्षे घेतात, कित्येकदा कोणी सांगितले नसतानाही. (त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.) अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्यासाठी सरपटणारे प्राणी योग्य मानत नाही. घरात कर्करोगाची औषधे, डायलिसिस किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असतील, तर माझे उत्तर स्पष्ट नकाराचे राहील. या पत्रातील घर त्या सीमारेषेवर आहे. म्हणून माझा होकार अटींचा आहे, आणि पहिली अट ही की साप, पेटी आणि तिच्यातले भांडे आजींच्या खोलीत व स्वयंपाकघरात कधीही जाणार नाहीत. आजींना नळीने अन्न भरविले जात असेल किंवा लघवीची नळी असेल, तर त्या नळ्यांना हात लावणारी व्यक्ती आणि साप हाताळणारी व्यक्ती एकच नसावी. पेटीतले पाण्याचे भांडे स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नये. ते अंगणातल्या वेगळ्या बादलीत धुवावे आणि नंतर हात साबणाने स्वच्छ करावेत.

पेटीकडे वळतो. प्रौढ बॉल पायथन साडेतीन-चार फुटांपर्यंत वाढतो, त्यामुळे ४ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच हे नातवाने धरलेले माप योग्य आहे. सुतारकामाच्या दृष्टीनेही ते सोयीचे आहे. ८ बाय ४ फुटांच्या एका प्लायवुडमधून ४ बाय २चे चार तुकडे निघतात: तळ, छत, पाठ आणि चौथ्याचे दोन भाग करून दोन्ही बाजू. दर्शनी बाजूस सरकत्या काचा. प्लायवुड १८ मिलिमीटर जाडीचे व पाण्यास टिकणारे घ्यावे, कारण आत दमटपणा राखावा लागतो आणि साधे प्लाय सहा महिन्यांत फुगते. आतून वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत, सांधे मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने बुजवावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, पेटी उघडी ठेवावी. घरात दम्याचा रुग्ण असल्यास हे काम अंगणातच व्हावे.

काचांना दुकानातल्या शोकेसला असते तसले कुलूप लावावे आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवावी. साप काच ढकलतो, आणि डोके शिरेल तेवढ्या फटीतून सारे शरीर बाहेर काढतो. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या घरात तर कुलूप अधिकच अगत्याचे, कारण मध्यरात्री कपाट समजून काच सरकविली जाऊ शकते. हवेसाठी एका बाजूस खाली व दुसऱ्या बाजूस वर बारीक छिद्रांची ओळ पाडावी. वायर आत नेण्याचे भोक वायरीभोवती पक्के बुजवावे. आराखड्यात ते रुपयाएवढे आणि उघडे दाखविले आहे. तेवढी एक दुरुस्ती त्याने अवश्य करावी.

सापाला स्वतःच्या शरीराची उष्णता निर्माण करता येत नाही. तो गरम जागेवरून थंड जागेवर सरकून आपले तापमान राखतो. म्हणून पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश आणि दुसरे २५ ते २७ अंश असावे. दोन्ही टोकांना लपण्यासाठी एकेक अंधारी जागा द्यावी, म्हणजे लपणे आणि योग्य तापमान यांत त्याला निवड करावी लागत नाही. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि सहज न उलटणारे पाण्याचे जड भांडे. दमटपणा साधारण ५५ ते ७५ टक्के. उष्णतेसाठी वरून बसविलेला सिरॅमिक हीटर, त्याभोवती जाळी आणि ठरलेल्या अंशावर तो बंद करणारा थर्मोस्टॅट, या तिन्हींपैकी एकही गाळू नये. उघड्या बल्बला साप वेटोळे घालतो आणि भाजतो. तापणारी वस्तू वेळीच न उमगून भाजून घेणे, हे मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या रुग्णांत मी हिवाळ्यात दरवर्षी पाहतो. शेकोटीजवळ पाय नेतात, फोड आलेला सकाळी दिसतो.

परंतु अशी माहिती बहुतेक थंड देशांतल्या पुस्तकांतून येते. तेथे पेटी गरम ठेवण्याची चिंता असते, वऱ्हाडात ती थंड ठेवण्याची. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखालील खोली दुपारी त्याहूनही तापते. अशा खोलीतल्या बंद पेटीत साप सरकून सरकून जाणार कोठे? पेटी मातीच्या किंवा जाड भिंतींच्या आतल्या खोलीत, खिडकीच्या उन्हापासून दूर असावी. चैत्रापासून मृगापर्यंत हीटर बहुधा बंदच राहील. कूलर खोलीत असावा, त्याचा झोत थेट पेटीवर नको. वीज गेल्यास बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या छतावर एका टोकाला ठेवावी. येथे आजोबांना एक गोष्ट आग्रहाने सांगतो. घरात सर्वांत थंड खोली एकच असेल, तर ती आजींची. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला तहान नीट लागत नाही, घाम कमी येतो, आणि पाणी मागण्यासाठी उठता येत नाही. सापासाठी कूलर हलविला गेला असे या उन्हाळ्यात कोणाच्याही घरी होऊ नये. दुसरी थंड खोली नसल्यास या घरात साप नको, इतके ते सरळ आहे.

पेटी भरल्यावर दोन माणसांनाही उचलणे कठीण जाते. ती भक्कम टेबलावर, भिंतीला टेकून ठेवावी. रात्री शौचालयाकडे जाण्याच्या वाटेवर ती किंवा तिची वायर येता कामा नये. वायरीत पाय अडकून खुब्याचे हाड मोडले, की सत्तरीत पुढचे वर्ष त्यातच जाते. आजींची हवेची गादी किंवा ऑक्सिजनचे यंत्र ज्या बोर्डावर चालते, त्यावर हीटर जोडू नये.

खाण्याचा प्रश्न अवघड आहे. बॉल पायथन उंदीर खातो, आणि प्रौढ साप दोन-तीन आठवड्यांतून एकदा. रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र, येथे मुंगीही चुकवून चालणारी घरे आहेत. अशा घरात गोठवलेले उंदीर आणावेत का, हे डॉक्टरने ठरवायचे नाही, पण पेटीची फळी कापण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी ते बोलून घ्यावे. माझा आक्षेप फ्रीजपुरता आहे. इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवू नयेत. अमेरिका व ब्रिटन येथे खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांतूनच साल्मोनेलाच्या साथी आलेल्या आहेत. जिवंत उंदीर पाळणे तर आणखी वाईट. त्यांच्या वासाने आणि सांडलेल्या दाण्याने घरात रानउंदीर येतात, आणि त्यांच्यामागे शिवारातले साप.

यातून मला सर्वांत अधिक भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. बॉल पायथन जाडसर, आखूड आणि तपकिरी ठिपक्यांचा असतो. आपल्या भागात जिला परड म्हणतात ती घोणसही जाडसर आणि ठिपक्यांचीच. ‘अजगराचे पिल्लू’ म्हणून घोणस उचलल्यामुळे चावा झाल्याचे प्रकार घडतात. घरात पाळलेला साप असला, की कोपऱ्यात दिसलेले वेटोळे ‘आपलेच सुटले’ असे वाटणार. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना संध्याकाळच्या उजेडात दोहोंतला फरक कळण्याची अपेक्षा करू नये. म्हणून घरातला नियम असा असावा की पेटीबाहेर दिसलेला प्रत्येक साप विषारी धरावा, अगदी नातवाने शपथेवर ओळखला तरीही. दूर व्हावे, दार लावून घ्यावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिचित सर्पमित्राला कळवावे.

तरीही चावा झालाच, तर हातातील अंगठी-बांगड्या, पायातील जोडवी लगेच काढावीत, कारण सूज आल्यावर ती रुततात. चावा झालेला अवयव फळी बांधून न हलेल असा ठेवावा. घट्ट आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. १०८ला दूरध्वनी करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात न्यावे, आणि साप पकडून आणण्यात वेळ घालवू नये. मण्यारीचा चावा झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. जमिनीवर झोपणाऱ्या ज्येष्ठांनी खाटेवर, कडा गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे, हे घरात पाळीव साप असो वा नसो. बॉल पायथनला विष नाही. त्याच्या चाव्याची जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले ते पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी रक्त थांबेपर्यंत जखम दाबून धरावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी वयाचा हिशेब. चांगल्या निगेत हा साप २०-३० वर्षे जगतो. नातू पुढच्या वर्षी शिक्षणासाठी नागपूर किंवा पुण्याला जाईल. मग पेटीचे थर्मामीटर कोण पाहणार? बहुधा सूनबाई, ज्यांना या बेतात कोणी विचारलेले दिसत नाही, आणि ज्यांच्याकडे आजींचे कूस बदलणे, औषधे व बगीचा ही कामे आधीच आहेत. त्यांची संमती आजोबांच्या संमतीहून महत्त्वाची. नातू साप सोबत नेणार की दुसऱ्या नोंदणीधारकाकडे देणार, हे आजच ठरवावे. त्या हस्तांतराचीही नोंद करावी लागते. कंटाळा आला म्हणून परदेशी साप संत्र्याच्या बागेत सोडून देणे हा पर्याय नाही.

एवढे सगळे मान्य असेल, तर मुलाने पेटी जरूर बनवावी. साप मात्र लगेच आणू नये. रिकामी पेटी वैशाखात पंधरा दिवस चालवावी आणि दोन्ही टोकांचे तापमान पहाटे, दुपारी तीनला व रात्री वहीत लिहावे. दुपारचे थंड टोक ३० अंशांवर जात असेल, तर खोली बदलावी किंवा बेत पुढे ढकलावा. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर आजींच्या खोलीचे तापमान आणि त्यांना दिवसभरात पाजलेले पाणी हेही त्यानेच लिहावे. दोन्ही पाने मला पाठवावीत.